कापा, पण सांगून कापा

आमच्या अवसरी बुद्रुकमध्ये एकच परदेशी नागरिक राहत होता, आणि तो जन्मलाही अवसरी बुद्रुकमध्येच होता.

गेनू भालेराव त्यांचं नाव. तरुणपणी विलायतेला गेले, बर्मिंगहॅमच्या एका ओतकामाच्या कारखान्यात अंगात जोर होता तोवर राबले, तिकडचे नागरिक झाले आणि रिटायर झाल्यावर तिकडचाच पासपोर्ट खिशात घालून गावी परतले. त्यामुळे सरकारी कागदावर ते परके. पुण्याला जाऊन परदेशी म्हणून नोंद करून यावं लागे. पहिल्या खेपेला मी सोबत गेलो होतो. तिथल्या साहेबानं विचारलं, "मुक्काम कुठे आहे?"

"अवसरी बुद्रुक."

"कुणाकडे उतरलात?"

"कुणाकडं म्हंजे? माज्या घरी."

"आणि मूळचे कुठले?"

"अवसरी बुद्रुक."

साहेबानं पेन खाली ठेवलं. "आजोबा, मग तुम्ही आलात तरी कुठून?"

"आत्ता व्हय? मंचरवरनं. एसटीनं."

हे सगळं त्यांनी अगदी सरळपणानं सांगितलं. थट्टा करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. थट्टा त्यांच्याभोवती आपोआप होत असे.

माझा तेव्हा मंचरला एसटी स्टँडजवळ एसटीडी-आयएसडीचा बूथ होता. घर अवसरीला, त्यांच्या घरामागेच. सकाळच्या गाडीला आमची गाठ ठरलेली. स्टॉपवर ते एकटे असले तरी रांगेत उभे असत. एकट्या माणसाची रांग कशी असते, हे पाहायचं असेल तर त्यांना पाहावं. हात मागे बांधलेले, पाय जुळलेले, डोक्यावर मे महिन्यातसुद्धा लोकरीची चपटी टोपी. मागून येऊन कुणी पुढे घुसला की हेच त्याला "सॉरी" म्हणत. मंचरला उतरताना ड्रायव्हरकडे वळून मोठ्यानं "थँक्यू, ड्रायव्हर!" म्हणत. सुरुवातीला अख्खी गाडी हसायची. पुढेपुढे ड्रायव्हर लोक त्या थँक्यूसाठी आरशात बघत थांबायला लागले. एकदा बोळात म्हाळूअण्णांची म्हैस आडवी बसली होती, तिला हे "एक्स्क्यूज मी" म्हणाले. ती उठली. म्हाळूअण्णांना आजवर जमलं नव्हतं ते.

लोक त्यांना लंडनवाले म्हणायचे. ते दरवेळी थांबून दुरुस्त करीत. "लंडन न्हाई राव, बर्मिंगहॅम. लंडन मी निस्तं पायलंय, तेबी पावसातनं." शेवटी गावानं मधला मार्ग काढला आणि त्यांचं नाव पडलं बरमिंगभाऊ.

या इतक्या सौम्य माणसाला जगात एकाच गोष्टीचा राग होता. बँकेचे चार्जेस.

विलायतेचं पेन्शन त्यांना महिन्याच्या महिन्याला पोस्टानं येई, पौंडांचा चेक. तो ते मंचरच्या एका बँकेत भरत. मग तो चेक पुण्याला जाई, पुण्याहून मुंबईला, मुंबईहून परत विलायतेला. ज्या देशातून आला त्याच देशात परत. तिकडून पैसे निघाले की पुन्हा त्याच वाटेनं इकडे. या सगळ्या प्रवासात प्रत्येक मुक्कामावर कुणी ना कुणी काहीतरी कापून घेई, आणि खात्यात जमा होई ती रक्कम कधीच मागच्यासारखी नसे.

पहिल्या महिन्यात त्यांनी काउंटरवर विचारलं, "एवढं कशाचं कापलं?"

"चार्जेस," क्लार्क म्हणाला.

"कशाचे?"

"बँकेचे."

"हितल्या?"

"आमचे थोडे. बाकी वरचे."

"वर कोण हाये?"

क्लार्कनं छताकडे पाहिलं. भाऊंनीही पाहिलं. तिथे पंखा होता.

त्या दिवशी बूथवर येऊन ते माझ्या बाकावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "कापायला माजी ना न्हाई, राव. दुकान चालवायचं म्हंजे चार पैसं घ्यायला पायजेत. कापा, पर सांगून कापा. कारखान्यात आमचा पगार कापायचे, तर चिठ्ठीवर लिवून कापायचे. ह्यो काय परकार?"

शेजारी म्हाळूअण्णा बसले होते. भाऊंचे बालमित्र. त्यांच्या वडलांच्या काळी घरात मेंढरं होती, आता अण्णा बटाटा करायचे. ते म्हणाले, "गेन्या, आरं ही आडत हाये. मी मार्केटात पिशव्या टाकल्या की आडत जाती, हमाली जाती, तोलाई जाती. तुजा बटाटा विलायतेचा, त्याला हमाल जास्त."

हा खुलासा भाऊंना बँकेच्या खुलाशापेक्षा पटला. पण समाधान झालं नाही. "तुला हमाल दिसतो तरी. मला माजा हमाल दावा म्हनावं."

"कापा, पण सांगून कापा" हे वाक्य तेव्हापासून त्यांच्या तोंडी बसलं. न्हाव्याच्या दुकानात खुर्चीवर बसताना ते हेच म्हणत, आणि न्हावी बिचारा प्रत्येक बटेला "आता कानामागची घेतो हं भाऊ" असं सांगून कात्री चालवी. लग्नातल्या भाषणाला उभे राहिले तरी शेवट याच वाक्यानं. नवरानवरी बुचकळ्यात पडत.

आता फोनचं सांगतो.

भाऊंची एकुलती मुलगी सुनीता बर्मिंगहॅमलाच होती. तिथेच जन्मली, तिथेच नोकरीला लागली. भाऊंची बायको मुक्ताबाई तिकडेच वारल्या, आणि त्यानंतर वर्षाच्या आत भाऊंनी गावी परतायचं ठरवलं. ते लेकीला आवडलं नाही. "आई गेली, आता तुम्ही पण चालला," एवढंच ती म्हणाली, आणि विमानतळावर आली नाही. हे मला भाऊंनी कधीतरी एसटीत खिडकीबाहेर बघत सांगितलं, आणि लगेच हवेचा विषय काढला. हवेचा विषय ते कधीही काढू शकत.

गावी आल्यावर त्यांनी माझ्या बूथवरून तिला पहिला फोन लावला तो मला आठवतो. काचेच्या केबिनमध्ये ते टोपी काढून उभे होते. "हॅलो सुनी. मी पोचलो." मग बराच वेळ काहीच नाही. मीटरचे लाल आकडे पळत होते. "हवा बरीय," ते म्हणाले. पुन्हा काही नाही. "बरं, ठेवतो." बाहेर येऊन पैसे दिले आणि म्हणाले, "लाईन साफ व्हती." लाईन साफच होती. बोलायलाच काही नव्हतं.

पुढचे काही महिने हे असंच. मग पेन्शनचे चेक गावी यायला लागले, चार्जेस सुरू झाले, आणि भाऊंना पहिल्यांदा लेकीला सांगण्यासारखं काहीतरी मिळालं.

"सुनी, हितं लई कापत्यात गं!"

तिकडून तीही भडकली असावी, कारण भाऊ त्या दिवशी केबिनमध्ये हातवारे करून बोलले. तिनं तिकडच्या ऑफिसात चौकशी केली, तिकडच्या बँकेला झापलं, आणि रविवारी दुपारी माझ्या बूथवर तिचा फोन आला. मग तो रविवार पक्काच झाला. फोन मी उचलायचो. तिचं मराठी आईबापाकडून उचललेलं, म्हणजे आमच्या आजीच्या वेळचं अवसरीचं, आणि उच्चार मात्र गोऱ्या मडमेचे. "दादा, बाबा हाईत का? चार्जेसचं बोलायचं व्हतं." मी केबिनकडे बोट करायचो आणि भाऊ आत जाऊन दार ओढून घ्यायचे. विषय एकच. पुण्यानं किती घेतले, मुंबईनं किती, मधल्या त्या अदृश्य माणसानं किती. पण बोलणं आता लांबायला लागलं होतं.

आणि मग एके वर्षी चेकच हरवला. भरलेला चेक पुढच्या महिन्यात जमा झाला नाही. त्याच्यानंतरचा भरला, तोही नाही. बँकेत विचारलं की "वरून आला नाही" हे उत्तर. भाऊ रोज मंचरला यायला लागले. आधी बँकेतून परत जाताना भाजी तरी घेऊन जायचे, तीही थांबली. मी उसने देऊ केले. "सॉरी राव, पर नको," म्हणाले. म्हाळूअण्णांनी काही न बोलता दारात बटाट्याची पिशवी ठेवली, तर हे ती डोक्यावर घेऊन परत द्यायला गेले. अण्णांनी त्यांना शिव्या घातल्या आणि पिशवीसकट परत पाठवलं.

रविवारी सुनीताचा फोन आला. दार लावलेलं असूनही भाऊंचा आवाज बाहेर आला, कारण तो पहिल्यांदाच चढला होता. "तुज्याकडनं पैसं न्हाई घ्यायचं मला! लेकीच्या पैशावर बसून खायला आलो का मी हितं?" मग आवाज खाली आला. बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता.

"सुनी म्हनतीय, परत या. हितं पेन्शन मिळत नसंल तर ऱ्हायचं कशाला?"

"मग?"

"खरंय तिचं." टोपी हातात फिरवत ते म्हणाले, "म्हाळ्याला सांगतो घराकडं बगायला."

बाकावर अण्णा होतेच. ते एकदम उठले आणि लघवीला जातो म्हणून जे गेले, ते परत आलेच नाहीत.

त्याच आठवड्यात बँकेत नवीन मॅनेजर बाई आल्या होत्या. मी भाऊंना घेऊन त्यांच्या केबिनपर्यंत गेलो. भाऊ शेवटचं विचारायला म्हणून आले होते, पण दाराशी रांगेत उभे राहिले. रांगेत दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी बाहेर येऊन त्यांना आत नेलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मुंबईला फोन लावला. एकदा, मग दुसऱ्या विभागाला, मग पुन्हा पहिल्याला. "नाही, मी लाईनवरच थांबते," एवढं त्या तीन वेगवेगळ्या माणसांना म्हणाल्या. अखेर हसल्या.

"सापडले, काका. दोन्ही चेक मुंबईतच आहेत. मागच्या बाजूला शिक्का मारायचा राहिला होता आपल्याकडून, म्हणून पडून होते. पंधरवड्यात जमा होतील."

भाऊंनी श्वास सोडला तो मला शेजारी बसून ऐकू आला. ते म्हणाले, "लव्हली." आणि डोळे टोपीनं पुसले.

बाई पुढे म्हणाल्या, "पण काका, चेक कशाला मागवता? तिकडच्या ऑफिसला कळवा, थेट खात्यात पाठवा म्हणून. आणि दर महिन्याला नको, तीन महिन्यांचं एकदम मागवा. चार्ज एकदाच बसेल. आमचा किती आणि मधल्या बँकेचा साधारण किती, ते आत्ताच सांगून ठेवते."

"आधी सांगता?"

"आधीच सांगायला हवं ना."

इतकी वर्षं ज्याच्यासाठी भांडले ते समोर ठेवलेलं होतं. मला वाटलं, भाऊ आता टेबलावर चढून नाचतील. ते टोपीची कड बोटांनी चाचपत राहिले.

"दर महिन्याला यायला नको म्हंजे?" त्यांनी हळूच विचारलं.

"नकोच. तीन महिन्यांतून एकदा येऊन बघून जा."

"आन् कापायचंबी ठरलेलंच."

"ठरलेलंच. भांडायचं कामच नाही."

ते माझ्याकडे वळले. "मग सुनीला काय सांगू मी?"

"सांगा की, काम झालं. सुटलो एकदाचे."

"व्हय. ते झालंच." मग म्हणाले, "पर मग ती फोन कशाला करंल?"

मॅनेजर बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. शेवटी भाऊंनीच पेन उचललं आणि सही केली. सही करताना अक्षर नेहमीपेक्षा सावकाश काढलं.

अडकलेले चेक जमा झाले. भाऊंनी अण्णांच्या घरी मटण पोचवलं आणि अण्णांनी परतायचा विषय काढल्याबद्दल त्यांना पुन्हा एकदा शिव्या दिल्या. गावाला हायसं वाटलं. एसटीच्या ड्रायव्हरनं तर मला थांबवून विचारलं, "म्हातारं ऱ्हातंय ना?" सुनीतालाही फोनवर कळवलं. तो फोन आटोपशीर झाला. "झालं गं समदं. आता काळजी न्हाई." त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भाऊ तरी मंचरला येत, बाकावर बसत, हवेबद्दल बोलत आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जात.

पुढचा महिना लागला. पेन्शन यायला अजून अवकाश होता, तिमाही कुठे भरली होती? रविवारी दुपारी फोन वाजला.

"दादा, बाबा हाईत का?"

"आहेत की."

"द्या जरा. चार्जेसचं बोलायचं व्हतं."

या महिन्यात काही येणार नाही हे तिला ठाऊक होतं. तीन महिन्यांनी पैसे पाठवायची तिकडची सगळी व्यवस्था तर तिनंच लावली होती. मी केबिनकडे बोट केलं. भाऊ उठले, घाईघाईनं आत गेले. दार ओढायचं विसरले.

"हां सुनी, बोल." ते ऐकत राहिले. तिनं काय विचारलं ते मला समजलं, कारण भाऊंच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसला, मग हळूहळू काहीतरी उजाडलं. त्यांनी भिंतीला टेकून घेतलं, टोपी मागे सरकवली.

"या महिन्याला?" ते म्हणाले. "इचारू नको गं. पार लुटलं! बस निवांत, सांगतो."