दशरथरावांचा मेनू दिसेना

यंदा हळदीकुंकवाला हाऊजीचे नंबर कॉम्प्युटर काढेल, असं दशरथराव सहज बोलून गेले. सहज बोललेली गोष्ट त्या घरात सहज सुटत नाही. मनोरमाबाईंनी संध्याकाळपर्यंत ती गोडदेवच्या त्यांच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये पोचवली आणि वर पुस्ती जोडली, "आता पिशवीत हात घालून नंबर काढणं बंद. कुणी कुणाचं भलं करायला नको." गेल्या वर्षी पिशवीत हात नीलमवहिनींचा होता. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि ते 'बरं' मनोरमाबाईंच्या जिव्हारी लागलं. आता कॉम्प्युटर चालला नाही, तर बिल्डिंगमध्ये तोंड दाखवायची सोय नव्हती.

दशरथराव विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकत होते. (व्हिडिओतला मुलगा 'व्हेरी सिंपल' म्हणाला की त्यांना घाम फुटायचा.) लेक अनुष्का पुण्याला जाताना आपला जुना लॅपटॉप टाकून गेली होती. त्याचा स्क्रीन फुटलेला, म्हणून दशरथरावांनी तो वायरने हॉलमधल्या टीव्हीला जोडला होता. टीव्हीवर मनोरमाबाईंनी स्वतः विणलेलं क्रोशाचं कव्हर असायचं. त्याची झालर पुढून चार बोटं खाली यायची, त्यामुळे त्या घरात बातम्या देणाऱ्यांना केस नसत. याचं कुणाला काही वाटेनासंही झालं होतं.

प्रोग्रॅम तयार झाला. टीव्हीभर निळी खिडकी उघडली, मधे नंबरासाठी पांढरा गोल. फक्त खिडकीच्या अगदी वर जो मेनू यायला हवा आणि ज्यात 'नंबर काढा' होतं, तो मेनू काही दिसेना.

दशरथरावांनी कंबर कसली. मेनू खिडकीला जोडायचा राहिला असेल म्हणून बघितलं, तर जोडलेला होता. तरी पुन्हा जोडला. अक्षरं काळी केली, मग लाल केली. शेवटी सगळा प्रोग्रॅम अनुष्काला पाठवून फोन लावला.

"बाबा, मी इथे चालवून बघितला. मेनू दिसतोय की."

"तुझं काय, तुझ्याकडे पुणं आहे."

"म्हणजे?"

"हवा कोरडी असते तिथली."

"बाबा, मेनू सोडा ना. मधे एक साधं बटण टाका."

"बटण लिफ्टला असतं," दशरथराव म्हणाले. "प्रोग्रॅमला मेनू असतो."

मग ते इरेला पेटले. प्रत्येक खेपेला नवा मेनू करायचा, त्याला नवं नाव द्यायचं आणि 'नंबर काढा' उचलून त्यात टाकायचं, म्हणजे कुठल्या प्रयत्नाला यश आलं ते कळेल. पहिल्याचं नाव 'खेळ' होतं. दुसऱ्याचं 'दिस'. तिसऱ्याचं 'दिस की रे'. तेवढ्यात मनोरमाबाई कापडी पिशवी घेऊन आल्या.

"ही धुऊन ठेवलीय. असू दे हाताशी. तुमच्याच्यानं काही हे होत नाही."

सगळा राग दशरथरावांनी चौथ्या मेनूच्या नावात काढला. तोही दिसला नाही.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी हॉल बायकांनी भरला. तिळगूळ झाला, वाण झालं, हाऊजीची तिकिटं वाटून झाली. दशरथराव टीव्हीशेजारी उभे राहून मिळेल ते बटण दाबत होते आणि "एक मिनिट हं" म्हणत होते. बरीच मिनिटं झाल्यावर नीलमवहिनी अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मनोरमाताई, पिशवी आहे ना?"

मनोरमाबाईंचा चेहरा उतरला. आपल्या पायी बायकोला चारचौघींत खाली बघावं लागलं, याचं दशरथरावांना फार वाईट वाटलं. ते स्वतःच पिशवी आणायला वळले.

टीव्हीला लागून जिग्नाबेन बसल्या होत्या. त्यांना नंबरांपेक्षा विणकामात रस होता. त्यांनी टाका बघायला झालर उचलली.

"भाभी, ये आपने खुद बनाया? कितना फाइन काम है." मग झालरीखाली बघत म्हणाल्या, "और ये ऊपर क्या लिखा है? खेळ... दिस... दिस की रे... मनोरमाला खोटं पाड. ये तो आपका नाम है ना?"

मेनू पहिल्या दिवसापासून तिथंच होता. आनंदाच्या भरात "दिसला" म्हणून दशरथराव वळले आणि मग त्यांनीही तो वाचला.

"अगं, ते टेस्टिंगचं आहे," ते म्हणाले.

"असू दे. नंबर कुठून निघतो?"

"शेवटच्या मेनूतून."

"आणि आधीचे?"

"ते रिकामे आहेत."

मनोरमाबाईंनी झालर सेफ्टीपिनने वर अडकवली, माऊस हातात घेतला आणि खेळ सुरू केला. प्रत्येक नंबराला तोच मेनू उघडावा लागत होता. थोड्या वेळाने बायका एका सुरात "मनोरमाला खोटं पाड" म्हणायला लागल्या आणि त्यात जिग्नाबेनचा आवाज सगळ्यांत मोठा होता. फुल हाऊस नीलमवहिनींना लागलं. निघताना त्या म्हणाल्या, "कॉम्प्युटरच बरा हो." हे 'बरा' मात्र मनोरमाबाईंना साखरेसारखं गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनोरमाबाई ते कव्हर मांडीवर घेऊन सुई-दोरा चालवत बसल्या होत्या. आपल्यासाठी झालर आखूड होतेय हे बघून दशरथराव गहिवरले.

"अगं, माझ्यासाठी कशाला एवढा त्रास?"

"त्रास कसला," मनोरमाबाई म्हणाल्या. "वाढवतेय."

आता त्या घरात बातम्या देणाऱ्यांना डोळेही नसतात आणि दशरथरावांच्या प्रोग्रॅमला मधोमध एक साधं बटण आहे.