आकाशकंदिलांची समान उंची

गेल्या दिवाळीत पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलनीत एक गंभीर घटना घडली. कापसाचे व्यापारी वीरेंद्र यांचा आकाशकंदील समोरच्या भगवंतरावांच्या कंदिलापेक्षा वीतभर वर लागला. भगवंतराव म्हणजे कॉलनी समितीचे अध्यक्ष आणि निवृत्त अधिकारी. वर कोणी असावं आणि खाली कोणी, हे ठरवण्याची त्यांना जन्मभराची सवय. यंदा दसऱ्यालाच बैठक झाली आणि सर्व आकाशकंदील समान उंचीवर लावावेत, असा ठराव एकमताने संमत झाला.

समान म्हणजे सगळ्यात बुटक्या घराइतकी उंची. ते घर प्रेमलताबाईंचं, पत्र्याचं. दुमजली घरांचे कंदील फाटकापर्यंत उतरले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपाळाला लागू लागले. सार्वजनिक कपाळांच्या सुरक्षेसाठी समितीने कंदील घरात टांगायला लावले. मग उजेड दारातून रस्त्यावर सांडू लागला. ज्याचं दार मोठं त्याचा उजेड मोठा, म्हणजे पुन्हा असमानता! दारंखिडक्या लावून घेण्याचा ठरावही एकमतानेच झाला.

प्रेमलताबाई मात्र अध्यक्षांकडे गेल्या. बाईंच्या लेकीचं, दिपालीचं लग्न उन्हाळ्यात रामाकोना गावी झालेलं. जावयाचा पहिला दिवाळसण, सोबत विहीणही येणार.

"भाऊसाहेब, दारात कंदील नाही दिसला त इहीनबाई काय म्हनन? एक दिवस लावू द्या ना."

"मी काय माह्यासाठी करून राहिलो? तुमच्याच घराच्या मापानं नियम केला. तुमचा त सन्मान झाला, बाई."

सन्मान झालेल्या बाई डोळे पुसत परतल्या. मला फार वाईट वाटलं. पण ठरावात वाईट वाटण्याची तरतूद नव्हती.

पाडव्याच्या संध्याकाळी जावई कुलदीप, दिपाली आणि विहीण करुणाबाई कॉलनीच्या तोंडाशी आले. सगळीकडे अंधार, दारं बंद. आमच्याकडे दिवाळीत कंदील लागत नाही तो मौत झालेल्या घरी. इथे तर अख्खी कॉलनीच तशी. म्हणजे गेलेला माणूस मोठाच असणार. लग्नात पहिल्या पंगतीला बसलेले भगवंतराव करुणाबाईंना आठवले. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि अध्यक्षांच्या फाटकाशी बसून गळा काढला.

"मायबाई वो! सनाच्या दिवशी कसे गेले वो भाऊसाहेब!"

दारं उघडली. विचारायचं कसं, म्हणून कोणी काही विचारलं नाही. वीरेंद्र खांद्यावर टॉवेल टाकून आले आणि म्हणाले, "मानूस मात्र शिस्तीचा होता." इतक्यात भगवंतराव स्वतःच बाहेर आले.

"कोन गेलं?"

"तुमीच," कोणीतरी हळूच सांगितलं.

"समितीले न कळवता?"

गैरसमज मिटला, पण करुणाबाई प्रेमलताबाईंच्या उंबऱ्यावरूनच मागे वळल्या. "जित्या मानसासाठी रडली मी. अपशकुन झाला. आता रडल्या तोंडी गोड कसं खाऊ, इहीनबाई?" जावई आईसोबत गेला, मुलगी नवऱ्यासोबत. अनारशांचं ताट प्रेमलताबाईंसमोर तसंच राहिलं.

पुढच्या बैठकीत बाहेरगावच्या पाहुण्यांनी रडण्याआधी समितीची परवानगी घ्यावी, असा ठराव आला. तोही एकमताने संमत झाला. प्रत्येकाला वाटलं, नियम शेजाऱ्यासाठी आहे. प्रेमलताबाईंचाही हात वर होता.

तुम्ही मघापासून हसताय, तेही शेजाऱ्यालाच ना?