निळ्या कागदातली पटाशी

पोलादातलं मला कळतं! निदान त्र्याहत्तर सालच्या खंडेनवमीपर्यंत मी असं छातीठोकपणे सांगत असे.

आमच्या गल्लीतल्या धोंडप्पा सुतारांची पटाशी घासून घासून बोटभर उरली होती. त्यांचा मुलगा भीमा बोटीवर खलाशी. त्यानं जपानहून वडिलांसाठी दोन नव्या पटाश्या पाठवल्या, एक पांढऱ्या कागदात, एक निळ्या. धोंडप्पांना वाचता येत नसल्यानं पार्सल माझ्या पत्त्यावर. सोबत पत्र: 'मास्तर, इथं पोलाद कागदाच्या रंगावरून ओळखतात. पांढरं झटकन धार घेतं, निळ्याची धार जास्त टिकते. अप्पांना कुठलं आवडलं ते कळवा. सुट्टीवर येताना त्याचा अख्खा संच आणतो.'

धोंडप्पा कामासाठी दुधनीला गेलेले. म्हटलं, ते येईपर्यंत आपणच शास्त्रशुद्ध तुलना करून निकाल तयार ठेवू!

तेवढ्यात आली खंडेनवमी. आमच्या सौ. दुर्गाबाईंनी दोन्ही पटाश्या धुऊन पूजेत मांडल्या. वर ओलं हळदकुंकू, नारळाचं पाणी! दसऱ्याला पाहतो तर दोन्हींवर तांबडा गंज.

"अगं, यातली निळ्या कागदातली कुठली?"

"मला काय ठाऊक? दोन्ही सारख्याच दिसतात!"

"आणि कागद?"

"त्यात शेजारी प्रसाद दिला. छान जाड होते हो!"

घाबरून मी दारावरच्या धारवाल्याला हाक मारली. त्याचं चाक गरगरलं, ठिणग्या उडाल्या आणि पटाशीचं टोक चक्क निळं झालं!

"सापडली! हीच निळी!" मी ओरडलो.

त्यानं दुसरी लावली. तीही निळी!

"ज्यादा गरम हुआ साब, पानी उतर गया," धारवाला म्हणाला. "ये पानी में घिसने का लोहा था. पैले बोलना था ना!"

म्हणजे पोलादाचा कडकपणाच गेला; आता त्या लोणी कापण्यापुरत्याच!

धोंडप्पा परतले. पटाश्या त्यांनी आधी कपाळाला लावल्या, मग बाभळीच्या फळीवर ठोका दिला. धार दुमडली. दुसरीचीही तीच गत.

"पोरगं फसलं की वो मास्तर. लई हौसेनं धाडलं हुतं."

"धोंडप्पा, त्याचं असं झालं..."

"संच नगं म्हनून लिवा. माझी बोटभर हाय, तंवर चालंल की. पर फसलास म्हनू नगा. वाईट वाटंल त्याला."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोललो नाही, याची लाज आजही वाटते. मी पत्र लिहिलं: 'दोन्ही पोलादं आपल्याकडच्या बाभळीला चालत नाहीत. संच आणू नये.' आणि भीमाचा विश्वास बसावा म्हणून खाली सुवाच्य अक्षरात जोडलं, 'तपासणी मी स्वतः केली आहे!'