दहाही बोटं निळी

मतदानाला एक दिवस उरला होता आणि घरातल्या प्रिंटरनं एकशे चाळिसाव्या चिठ्ठीवर दम सोडला. मतदाराचं नाव उमटलं, यादीतला नंबर उमटलाच नाही.

हिंदुराव स्वतः ग्रामपंचायतीला उभे होते. शेळगावातल्या आपल्या वॉर्डातल्या तीनशे मतदारांच्या हातात छापील चिठ्ठी पडलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. सून संजीवनी बारामतीला कॉम्प्युटर शिकून आलेली; घरीच लोकांचे अर्ज टाइप करून द्यायची. मग छापखान्याची पायरी चढायची कशाला?

"काळी शाई संपली, मामा," संजीवनी म्हणाली. "आज रविवार, बारामतीतलं दुकान बंद. उद्याशिवाय मिळत न्हाय."

"मग त्या रंगीत डबीतनं काढ की काळं."

तिनं काढलं. तीन रंग मिसळून जे काळं झालं, ते शेणकाल्यासारखं दिसत होतं. वीस चिठ्ठ्यांनंतर त्यातला पिवळा संपला आणि मतदार जांभळे निघू लागले.

हिंदुराव तावातावानं उठले. फळीवरची फाउंटन पेनच्या निळ्या शाईची बाटली आणि गोठ्यातलं म्हशीला टोचायचं इंजेक्शन घेऊन आले.

"मामा, ती शाई ह्यात चालत न्हाय. ह्याला केसापेक्षा बारीक भोकं असत्यात, पेनची शाई त्यात वाळून बसती."

"शाई ती शाई! मी चौथीपास्नं शाई भरतोय. तू मला शिकवती?"

"आन् आत स्पंज हाय. मावंल तेवढीच..."

"सरक बाजूला!"

त्यांनी डबीत सुई खुपसली आणि दट्ट्या दाबला. वरून गेलेली शाई खालून आली. खालची भोकं बोटांनी दाबली, तर ती वरून उसळली. डाव्या हातानं वरचं, उजव्या हातानं खालचं भोक दाबून ते उभे राहिले, तेव्हा शाई मनगटावरून निवांत कोपरापर्यंत ओघळली. डबी तशीच यंत्रात बसवली. प्रिंटरनं एका कागदावर निळं तळं काढलं, दोनदा कण्हला आणि कायमचा गप्प झाला.

साबण, राख, लिंबू, रॉकेल. काही लावायचं ठेवलं नाही. हात धुवून धुवून लाल व्हायचे ते आणखी निळे झाले. उरलेल्या चिठ्ठ्या संजीवनीनं आणि सासूबाईंनी, म्हणजे सिंधुबाईंनी, हातानं लिहिल्या.

सकाळी मतदान केंद्रावर साहेब म्हणाले, "डावा हात दाखवा."

हिंदुरावांनी दाखवला. साहेबांनी उजवाही मागितला.

"साहेब, मी अजून मत दिल्यालं न्हाय. ही प्रिंटरची शाई हाय."

"प्रिंटरची? मग हाताला कशी लागली?"

"भरत होतो."

"कशानं?"

"म्हशीच्या इंजेक्शननं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. समोरच्या उमेदवार छबूबाईंचे प्रतिनिधी तात्याबा तिथंच बसले होते. ते लगेच उठले. "दहा बोटं म्हंजी दहा मतं झाली, साहेब. आमची हरकत हाय!"

हिंदुरावांना शाळेच्या बाकावर बसवलं. येणारा प्रत्येक मतदार आधी त्यांचे हात बघायचा, मग तोंड. शेवटी उन्हं उतरल्यावर साहेबांनी यादी पुन्हा तपासली. हिंदुरावांच्या नावापुढं खूण नव्हती. तात्याबांनाही भूक लागली होती. त्यांनी हरकत सोडली. पण मतदानाची खूण करायची कुठं? साहेबांनी हात उलटसुलट करून पाहिले, सुस्कारा सोडला आणि सदऱ्याची बाही वर सारून कोपराच्या वर रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी इंदापूरला मोजणी झाली. छबूबाई एका मतानं निवडून आल्या.

घरी येईपर्यंत हिंदुराव शाईला, प्रिंटरला आणि तो बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालत होते. उंबऱ्यातूनच ओरडले, "त्या यंत्रानं घात केला! दिवसभर माझं हासं झालं, तितंच एक मत फुटलं!"

सिंधुबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "यंत्राला कशाला बोलताय? मी छबूबाईला मत दिलं."

"तू? अगं, का?"

"घरातलं शिकल्यालं माणूस दोनदा सांगतंय, ते ऐकंना. त्यो गावाचं काय ऐकणार, म्हटलं."

हिंदुरावांनी आधारासाठी सुनेकडं पाहिलं. संजीवनी प्रिंटरवर फडकं घालत होती. तिनं पदर सारखा केला.

"मी बी, मामा," ती हळूच म्हणाली.