हे आज पहाटे गेले

शांताराम बारी गेले तेव्हा घरात अहिल्याबाई होत्या आणि गॅसवर चहाचं आधण होतं. बाथरूममधून येऊन ते पलंगावर बसले, "जरा थंडी वाजतेय," म्हणाले, आणि अहिल्याबाई चादर घेऊन येईपर्यंत मोकळे झाले. डहाणूत ऐन मे महिन्यात कोणाला थंडी वाजते, हा विचार त्या बिचारीला नंतर सुचला.

समोरच्या फ्लॅटमधला शैलेश धावत आला. बँकेत कारकून, स्वभावाने व्यवहारी. त्याने डॉक्टर आणला, बडोद्याला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीला, अदितीला, फोन लावला, ती मिळेल त्या गाडीने निघाली. मग तो घुटमळत म्हणाला, "काकू, माणसं किती होतील? म्हणजे... खांद्याला निदान चार तरी लागतात."

प्रश्न रास्त होता. शांतारामांनी सगळी नोकरी रेल्वेच्या तिकीट खिडकीवर काढली होती आणि रिटायर झाल्यावरही ते माणसांशी खिडकीतूनच बोलत. वेवजी गावातल्या जमिनीवरून भावाशी अबोला. इंग्रजी पिक्चरचा आवाज मोठा ठेवतात म्हणून सोसायटीशी भांडण. त्यातून जे कोणी दोन-चार भले शेजारी भांडण विसरून आले असते, ते सकाळीच वाढवणला बंदराविरुद्धच्या मोर्चाला गेले होते. मरणालाही मुहूर्त लागतो, तो शांतारामांनी पाहिला नव्हता.

"माणसांची काळजी नको," अहिल्याबाई म्हणाल्या. "ह्यांचा ग्रुप आहे."

ग्रुपचं नाव 'सोनेरी पडदा, डहाणू-तलासरी'. जुन्या हॉलिवूडच्या नटनट्यांचे फोटो टाकायचे आणि आठवणी लिहायच्या, एवढाच उद्योग. आठवणी म्हणजे ज्या माणसाने आयुष्यात डहाणूचं नाव ऐकलं नाही, त्याच्या आठवणी. शांताराम ॲडमिन. रेमंड होल्ट नावाचा कोणी काळा-पांढरा नट होता, तो त्यांचा देव. रोज सकाळी ते कोणा ना कोणा नटाचा फोटो टाकून खाली लिहीत, 'हे आजच्या दिवशी गेले.' लगेच पंधरा-वीस जण 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून दात घासायला जात. महिन्यातून एकदा दुपारी दोन वाजता बारींच्या घरी सगळ्यांनी जमून पिक्चर बघायचा. अहिल्याबाई त्या दिवशी देवळात जाऊन बसत, पण नवरा म्हणे ते त्यांना पटलं होतं. "तू घाबरू नकोस," ते म्हणायचे. "उद्या मला काही झालं तर भाऊ नाही, सोसायटी नाही, माझा ग्रुप खांदा देईल."

शैलेश बांबू, मडकं वगैरे आणायला गेला. अहिल्याबाईंनी नवऱ्याचा फोन घेतला. सुप्रभात पाठवण्याइतका फोन त्यांना येत होता. फोटोचा प्रश्न नव्हता, तो ह्यांनीच काढून ठेवला होता. ऐन तारुण्यात स्टुडिओत जाऊन काढलेला, तिरकी हॅट, अर्धा चेहरा अंधारात, हुबेहूब होल्टसारखी नजर. "मी गेल्यावर हाच टाक," असं बजावलेलं. त्यांनी तो टाकला आणि खाली लिहिलं, 'हे आज पहाटे गेले. दुपारी दोन वाजता. सर्वांनी घरी यावे.'

'हे'च लिहिलं. लग्न झाल्यापासून अहिल्याबाईंनी नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं, आणि ही काही उखाण्याची वेळ नव्हती.

शेजारी प्रेत आणि हातात फोन, अशा त्या बसून राहिल्या. फोन टिंगटिंग वाजू लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. त्यांना बरं वाटलं. मग पोस्टातल्या निलम चुरीने लिहिलं, 'किती देखणा. डोळे बघत राहावे असे.' अहिल्याबाईंना आणखी बरं वाटलं. त्यावर रिटायर्ड हेडमास्तर दिपक सावे सरांनी लिहिलं, 'हा होल्ट नव्हे. होल्टचं नाक इतकं बसकं नव्हतं.'

अहिल्याबाईंनी शेजारी वळून पाहिलं. नाक बसकं होतं, हे खरं.

'बाजूच्या भूमिका करणारा कोणी असावा,' सरांनी पुढे लिहिलं. 'ॲडमिनसाहेब, नाव लिहा. नावाशिवाय फोटो टाकायचा नाही, हा तुमचाच नियम. नियम सगळ्यांना सारखा.'

अहिल्याबाई घाबरल्या. नियम मोडणाऱ्याला ग्रुपबाहेर काढतात, हे त्यांना ठाऊक होतं. आज ह्यांनाच काढलं तर खांद्याला कोण येणार? पुष्कळ विचार करून त्यांनी लिहिलं, 'अदितीचे बाबा.'

मग निलमने विचारलं, 'अदिती कोण? तिचे पिक्चर बघितल्याचं आठवत नाही.'

'इटालियन होती,' सावे सरांनी ठोकून दिलं. सरांना माहीत नाही अशी गोष्ट जगात नव्हती. 'बापलेक दोघंही पडद्यावर होते. लेक बापापेक्षा सरस. पण नाव लिहा, साहेब. अमकीचे बाबा हे काही नाव नव्हे.'

अहिल्याबाईंनी फोन खाली ठेवला. नवऱ्याच्या अंगावरची चादर नीट केली. "माफ करा हं," असं त्याला म्हणाल्या आणि एकेक अक्षर शोधून त्यांनी लिहिलं, 'शांताराम.'

मग मात्र हसऱ्या तोंडांचा पाऊस पडला. 'स्वतःलाच श्रद्धांजली. मानलं साहेब तुम्हाला,' सावे सर. 'काका, तरुणपणी एवढे छान दिसायचात? मग आता काय झालं?' निलम. कोणीतरी पोट धरून लोळणारं चित्रही टाकलं. सकाळपासून अहिल्याबाईंच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता त्या रडल्या. ज्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात जपून ठेवलं, ते चार लोकांत उच्चारल्याबरोबर लोक हसले, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

शैलेश सामान घेऊन आला, त्याने फोन वाचला आणि कपाळाला हात लावला. "काकू, फोनच करायचा ना."

"कोणाला करू? बघ की तूच."

शैलेशने पाहिलं. काकांनी ग्रुपमधल्या प्रत्येकाचा नंबर एकेका नटाच्या नावाने ठेवला होता, तोही इंग्रजीत. त्याने डोळे मिटून एक नंबर लावला. तो अच्छाडला चेकनाक्याजवळ ढाबा चालवणाऱ्या सुनिलचा निघाला. मागे ट्रकांचे हॉर्न वाजत होते.

"हां साहेब, बोला. फोटो एक नंबर हां."

"अहो, मी शैलेश, शेजारचा. काका गेले."

"गेले? कुठे गेले? दोनपर्यंत येतील ना?"

"अहो, वारले."

"वारं? इकडे पण जाम वारं सुटलंय, काय ऐकू येत नाय. दोनला पोचतो, वडे घेऊन येतो." आणि फोन बंद झाला.

शैलेशने शेवटचा उपाय म्हणून ग्रुपवरच लिहिलं, 'मी शेजारी शैलेश. शांतारामकाका खरोखर वारले आहेत. चेष्टा नाही.' त्यावर सावे सरांचं उत्तर तयारच होतं. 'होल्टही एका पिक्चरमध्ये मेल्याचं सोंग घेतो आणि मयताला कोण कोण येतं ते खिडकीतून बघतो. आम्ही ओळखलं, साहेब. सगळे येतोय. मयत तयार ठेवा.'

"येतायत ना पण?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"येतायत," शैलेश म्हणाला. जास्त काही बोलायची त्याला हिंमत झाली नाही.

दोन वाजता ग्रुप आला. सावे सरांनी खास हॅट घातली होती. निलमने काळा गॉगल लावला होता. वाढवणचा हिरूभाऊ मोर्चा अर्ध्यावर सोडून कपाळावर निषेधाची काळी पट्टी बांधूनच आला होता, त्यातल्या त्यात प्रसंगाला शोभेसा तोच होता. सगळ्यांत मागे सुनिल, हातात वड्यांचं पातेलं. दार उघडंच होतं. "कुठे आहेत आमचे दिवंगत?" असं खड्या आवाजात विचारत सर आत शिरले.

दिवंगत हॉलमध्ये जमिनीवर होते. नाकात कापूस होता. उशाशी बडोद्याहून नुकतीच पोचलेली अदिती बसली होती, तिने मान वर करून हॅटकडे पाहिलं.

सर दारातल्या चपलांवरच उभे राहिले. निलमने गॉगल काढला आणि डोळे भरून आल्यावर पुन्हा लावला. सुनिलला पातेलं कुठे ठेवावं कळेना, प्रेताच्या घरात वड्यांचा खमंग वास सुटला होता आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की तो पातेलं घेऊन जिन्यात जाऊन उभा राहिला. अहिल्याबाईच उठून बाहेर गेल्या. "आत आण रे. आज चूल पेटायची नाही, पोरीने सकाळपासून काही खाल्लेलं नाही," असं म्हणून त्यांनी ते स्वतः स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

खांदे मात्र पुरून उरले. सावे सरांनी समुद्रावरच्या स्मशानापर्यंत खांदा बदलला नाही. हिरूभाऊ दोनदा म्हणाला, "सर, द्या इकडे," पण सरांनी ऐकलं नाही. बायकांनी स्मशानात यायचं नसतं, हे सांगायला कोणी नातेवाईक हजर नव्हता, त्यामुळे अहिल्याबाईही आल्या. अदितीने अग्नी दिला.

मग रीतीप्रमाणे कोणीतरी दोन शब्द बोलायचे होते. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर पुढे झाले, घसा साफ केला आणि थांबले. शांताराम बारींबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. होल्टच्या कुत्र्याचं नाव माहीत होतं. शांतारामांचा जन्म कुठला, हेही माहीत नव्हतं. पण हेडमास्तर माणूस, उभं राहिल्यावर बोलल्याशिवाय बसणार कसा? "एकदा," सर म्हणाले, "कडाक्याच्या थंडीत शांतारामभाऊंना रस्त्यात एक भिकारी दिसला. भाऊंनी अंगातला लोकरीचा कोट काढला आणि त्याच्या खांद्यावर टाकला."

"आई," अदिती हळूच म्हणाली, "बाबांकडे कोट कधी होता?"

"गप्प बस. चांगलं बोलतायत."

ही गोष्ट होल्टची होती. ह्यांच्या तोंडून अहिल्याबाईंनी ती इतकी ऐकली होती की कोटाची बटणंसुद्धा त्या सांगू शकल्या असत्या. पण सरांचं बघून इतरांना धीर आला. निलम म्हणाली, काका कामाचे पक्के, एकदा घोड्यावरून पडले, हात मोडला, तरी त्यांनी तसंच काम पुरं केलं. तिकीट खिडकीवर घोडा कुठून आला, हे कोणी विचारलं नाही. मग हिरूभाऊ उठला. तो साधा माणूस, डोळे पुसत म्हणाला, "बाईमाणसाला लय मान द्यायचे. तिन्ही बायकांना त्यांनी शेवटपर्यंत..."

तो तिथेच थांबला. लाकडं तडतडत होती. सावे सर वाळूकडे बघू लागले.

"तिसरीचं राहू दे, भाऊ," अहिल्याबाई शांतपणे म्हणाल्या. "मी बोलते."

त्या उठल्या. पण त्यांनाही मोठं काही आठवेना. इतकी वर्षं एका घरात राहिल्यावर मोठं काय आठवणार? "ते चहात बिस्कीट बुडवायचे," त्या म्हणाल्या. "आणि ते तुटून आत पडायचं. रोज. मी म्हणायची, अहो, लवकर काढा. पण ते कपात बिस्कीट धरून पिक्चरचं सांगत बसायचे. मग पडायचं, की माझ्याकडे असे बघायचे, जसं काय मीच पाडलं." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

कोणी श्रद्धांजली म्हटलं नाही. मागून सुनिल बोलला.

"माझ्या ढाब्यावर पण पडलेलं," तो म्हणाला. "दोनदा."

अहिल्याबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. "मग?"

"मग काय, काकू. दुसऱ्या टायमाला मी चमचा दिला."