अकराशेचं कोहळं

रविवारी चर्चच्या दारात रजत उभा दिसला आणि सत्यभामाच्या तोंडातलं गाणं अर्ध्यावरच थिजलं.

रजत म्हणजे फायनान्सवाला पोरगा. शिलाई मशीनच्या कर्जाचा हप्ता न्यायला दर शुक्रवारी यायचा. या शुक्रवारी मात्र तिनं त्याला फोनवर सांगितलं होतं, "भाऊ, मी यवतमाळले बहिणीकडं आली." बहीण यवतमाळला होती हे खरं. सत्यभामा उमरखेडातच होती, खाटेवर, फोन उशाखाली दाबून.

झालं होतं असं, की गुरुवारी महिला मंडळ चर्चच्या छपराच्या टिनासाठी वर्गणी मागायला आलं. विमलताईनं हजार सांगितले, शकुबाईनं हजार सांगितले. सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. तिच्या तोंडून 'नाही' निघेना. डब्यातला हप्ता टिनाला गेला. देवाला नाही म्हणायची भीती वाटली नसती एक वेळ, विमलताईला कोण नाही म्हणणार?

आणि गंमत अशी, की कर्जाच्या गटाची प्रमुखही विमलताईच. एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्यांनी भरायचा, असा गटाचा करार. तो सगळा गट आत्ता एकाच सतरंजीवर तिला खेटून बसला होता. रजतनं तोंड उघडलं की हप्ता चुकवल्याचं कळणार, खोटं बोलल्याचंही कळणार, आणि तेही हंगामाच्या सणाला, भर मंडळीसमोर.

उपासना संपली, लिलाव सुरू झाला. लोकांनी शेतातून, परसातून आणून अर्पण केलेली वांगी, तूर, कोंबडे, एकेक करून विकायचे आणि पैसा चर्चला. लिलाव बबनरावांकडं. मोतीबिंदूमुळं माणसं ते बसल्या जागेवरून ओळखत, हात तेवढे दिसत.

"हे कोहळं पाहा! लेकरावानी जड हाय! पन्नास रुपये कोण म्हणते?"

दारातून रजतनं सत्यभामाला हात केला, बाहेर या म्हणून.

"पन्नास! दारातल्या भाऊचे पन्नास!"

विमलताईच्या पाठीआडून सत्यभामानं हळूच पंजा दाखवला. पाच दिवस थांब, बापा. पुढच्या शुक्रवारी देईन.

"सत्यभामाबाई पाचशे!"

"अवो, काय झालं तुले?" विमलताई गर्रकन वळली. "कोहळ्याले पाचशे? मशीन लई चालून राह्यली वाट्टे!"

तिकडं रजत दोन्ही पंजे जोरजोरात हलवत होता. नाही, नाही, पाच दिवस जमत नाही.

"दहा बोटं! भाऊचे हजार!"

मंडळीनं टाळ्या वाजवल्या. रजतला टाळ्यांचं कारण कळेना. त्यानं एक बोट जमिनीकडं रोखलं. आत्ताच, आजच पाहिजे.

"वर शंभर! अकराशे! सत्यभामाबाई, बोला!"

डोळ्यांत पाणी आणून तिनं रजतपुढं दोन्ही हात जोडले.

"बाईनं हात जोडले! हरल्या! अकराशे एक, अकराशे दोन, अकराशे तीन!"

चार जणांनी रजतला पुढं ओढून आणलं आणि कोहळं त्याच्या कडेवर दिलं. पाळकसाहेबांनी माईक त्याच्या तोंडाशी धरला. "भाऊ, नवीन दिसता. कोणाच्या ओळखीनं आले?"

आता. आता हा सांगणार. सत्यभामानं पदर तोंडात कोंबला. विमलताईचा श्वाससुद्धा तिला ऐकू येत होता.

रजतनं छपराकडं पाहिलं, कोहळ्याकडं पाहिलं. "मी... सत्यभामाताईच्या ओळखीचा."

"वा! अन् पैशाचं?"

"आता तर नाही जवळ."

"काही हरकत नाही. आपली पद्धतच हाय, मंडळीतलं कोणी जामीन राह्यलं की झालं. सत्यभामाबाई, राह्यता ना?"

सगळ्या सतरंजीनं तिच्याकडं पाहिलं. गुरुवारी पाहिलं होतं तसंच. 'नाही' काही तिच्या तोंडून निघालं नाही.

बाहेर कडुनिंबाखाली ती त्याच्यावर तुटून पडली. "काहून नाही सांगितलं तुम्ही? मले वाटलं, आज मेली मी."

"ताई, देवाच्या दारात, चारचौघांत वसुली केली तर कंपनी घरी बसवते. मले वाटलं, तुम्हीच ओरडसान." पोराचे कान अजून लाल होते. तिच्या धाकट्या भावाएवढाही नसेल.

"जाऊ द्या. पण अकराशे लवकर भरजा. माह्या नावावर हाय ते."

"पगार झाला की लगेच."

"कधी होते?"

"तसा पगार थोडाच हाय. खरं कमिशन. तुमचा गट पूर्ण भरला तरच भेटते."

"म्हणजे मी हप्ता भरला, तर तुम्ही कोहळ्याचे देसान?"

"हो."

"अन् मी नाही भरला तर?"

"तर तुम्ही जामीन हायच ना, ताई."

सत्यभामा कडुनिंबाच्या पारावर मटकन बसली. रजतनं ते कोहळं अलगद तिच्या मांडीवर ठेवलं. "रूमवर एकटाच राह्यतो मी. कापाले विळी बी नाही."

ती कोहळं कडेवर घेऊन फाटकाबाहेर पडली, तर समोरून विमलताई.

"काय वो, भाऊनं घेतलं म्हणे? शेवटी तूच घेऊन चालली का?"

"हो बाई," सत्यभामा म्हणाली, "हप्त्यानं."