चांगुणाचं एकविसावं वर्ष

अठ्ठेचाळीस साली भिंगारात मतदारांच्या याद्या करायला मला नेमलं, तेव्हा सुरुवात स्वतःच्या घरापासून करायचं मी ठरवलं. (असल्या सुबुद्धीनंच माझा नेहमी घात होतो.) स्वतःचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं आणि कागद मिटला.

"आन् माजं?" चुलीपुढून आमची मंडळी, म्हणजे चांगुणा, म्हणाली.

"येत्या पहिल्या जानेवारीला एकवीस पुरी लागतात. तुझी वीसच होतात."

"लग्नात बाबांनी चौदा सांगितली हुती. येत्या मागशिरात लग्नाला सात वर्सं. चौदा न् सात किती?"

"अगं, खरी तेराच होती! कायद्याला चौदा लागतात म्हणून सासरेबुवांनी एक वाढवलं. मला तेव्हाच ठाऊक होतं!"

"ठाऊक हुतं?" ती उलथणं घेऊन उठली. "मंग लिवा ईस. मी कचेरीत सांगते, ह्येंनी तेरा वर्सांच्या पोरीशी जानूनबुजून लगीन लावलं."

शारदा कायदा, तुरुंग, गेलेली नोकरी, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. (तक्रारीची मुदत कधीच टळली होती, हे वकिलांनी नंतर सांगितलं.) मी मुकाट्यानं एकवीस लिहिलं.

"माज्या आईला कुनी कंदी काय इचारलं न्हाई. मला सरकार इचारतंय, तर मी सांगनारच!"

खरं सांगतो, मला तिचा अभिमान वाटला. पण हरल्याचा राग त्याहून मोठा होता.

"नवऱ्याचं नाव? नियमानं तूच सांगायचंस."

"न्हाई घेनार."

"मग रकाना रिकामा राहील!"

"ऱ्हाऊ द्या."

मीही हट्टाला पेटलो. कागद तसाच वर पाठवला.

महिन्याभरानं चावडीवर यादी लागली. चांगुणा, वय एकवीस, विधवा. वरच्या साहेबांनी रिकामा रकाना पाहून मला मयत ठरवलं होतं आणि माझं वळणदार नाव खोडून टाकलं होतं.

तणतणत कचेरी गाठली. "साहेब, मी जिवंत आहे!"

साहेबांनी मानही वर केली नाही. "एकवीस पुरी झालेलं घरातलं माणूस साक्षीला आणा."

घरात आम्ही दोघंच. चांगुणापुढे हात जोडले. "चल गं, तेवढी साक्ष दे."

तिनं शांतपणे भाकरी उलटली.

"माजं कुकू जागच्या जागी हाय, मला घाई न्हाई. आन् तुमीच म्हनला ना, मी ईसचीच? वरीसभर कळ काढा."